भलत्या मांडवातला नवरदेव

"थांब, आता बघ हं," मालतीकाकू म्हणाल्या आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सोनालीने मांडीवरच्या सानवीचं तोंड पुसलं. पुढे काय होणार ते तिलाही पाठ होतं. चुकून भलत्याच मांडवात शिरलेला नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारणार, समोर नायिका गात उभी असणार, आणि तो बोलायचं विसरून नुसता बघत राहणार. विंगेतून कुणीतरी वाक्य सांगणार. लोक हसणार.

तसंच झालं. "वन्स मोअर"ची आरोळी उठली, नायिकेने पद पुन्हा धरलं. काकूही हसल्या. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

दहिवलीत काकूंच्या घरामागची खोली सोनालीने भाड्याने घेतली होती. नवरा नीलेश माथेरानच्या हॉटेलात कामाला. दर आठवड्याला येतो म्हणायचा, पण गर्दीच्या दिवसांत महिना उलटायचा. सकाळभर भिंतींशी आणि सानवीशी बोलून झालं की ती दुपारी काकूंकडे यायची. काकूंना तरी दुसरं कोण होतं? काका जाऊन वर्षं झाली, मुलगा यज्ञेश पुण्याला. मग दोघी मिळून हे जुनं संगीत नाटक बघायच्या. "आमच्या मंडळाने गणपतीत केलेलं," काकू सांगायच्या. कुणीतरी कॅसेटवर घेतलेलं, यज्ञेशने पेन ड्राइव्हवर उतरवून दिलेलं. चित्र थरथरायचं. नवरदेवाचा आवाजसुद्धा बारीक यायचा. कॅसेटच तेवढी जुनी.

नवरदेवाची सगळी वाक्यं काकूंना येत होती. तो बोलायचा तेव्हा त्यांचे ओठ हलायचे. बिचारीने घरात तालमी ऐकल्या असणार, असं सोनालीला वाटायचं. भिंतीवर हारातल्या फोटोत काका होते. फेटा, चिकटवलेली मिशी नि रंग चढवला की असेच दिसत असतील.

"ही कोण हो काकू?" तिने आज विचारलंच.

"विमल. तू राहतेस ना, त्याच खोलीत राहायची."

"भारी दिसते."

"दिसायचीच. आणि गायला लागली की पुढचं वाक्य डोक्यातून पार जायचं."

सोनालीला कसंसंच झालं. रोज हे डोळ्यांनी बघायचं म्हणजे काय! तिला तर फोनवरचा एक फोटो पुरला होता. हॉटेलातला कुणाचा तरी वाढदिवस, नीलेश केक खातोय, शेजारी रिसेप्शनवरची सुरभी. तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती.

"तुम्हाला राग नाही येत?"

"कुणाचा?"

सोनालीने टीव्हीकडे बोट केलं. नवरदेव अजून बघतच होता.

"त्या बघण्यात खोटं काही नव्हतं गं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर लोकांची तोंडं सुटली. पाणवठ्यावर, हळदीकुंकवात, सगळीकडे तेच. पुन्हा प्रयोग झाला नाही. आणि विमल आली तेव्हा मी दार उघडलं नाही. ती बाहेरून हाका मारत होती, मी आत उभी."

सानवीने टाळी वाजवली. कुणी हसलं नाही.

"कुठे असतात आता?"

"कोंडाण्याला. एवढं जवळ, पण गेले नाही कधी. आता रविवारी यज्ञेश न्यायला येतोय, कायमचं. त्याआधी एकदा भेटायचं होतं."

"मग फोन करा की."

"काय तोंडाने करू?"

कोंडाणं म्हणजे सोनालीचं माहेर. अशा बाईला कशाला भेटायचं, असं आधी तिच्या मनात आलं. पण काकूंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला, तेव्हा ती उठून अंगणात गेली आणि तिने आईला फोन लावला.

"विमलआजी?" आई म्हणाली. "अगं बया, ती लय फटकळ हाय. येल का नाय, देव जाणे. उलटी तुज्या काकूलाच चार सुनवायची."

"नुसता निरोप दे. काकू चालल्यात म्हणावं, परत येणार नाहीत."

शुक्रवारी कोणी आलं नाही. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्या बरण्या कागदात गुंडाळत होत्या.

शनिवारी दुपारी नाटक लागलेलं असताना दाराशी रिक्षा थांबली. वाकलेली, जाडसर बाई उतरली. हातात भाजीची पिशवी.

"दार उघडं दिसतंय आज," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

काकू उठल्या, पण तिथेच उभ्या राहिल्या. सोनालीने सानवीला कडेवर घेतलं आणि मध्ये जाऊन उभी राहिली.

"तू कोणाची गं?"

"भिवाजींची. कोंडाण्याचीच."

"मग सर बाजूला. माजं काम हिच्याशी हाय."

विमलबाईने काकांच्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. टीव्हीसमोर येऊन थबकली. तिथे ती तरणी होती, गात होती, आणि नवरदेव वाक्य विसरला होता.

"बघत्येस अजून?"

"रोज," काकू म्हणाल्या.

"आणि मला एक हाक मारवली नाय तुला."

"चुकलं माझं, विमल."

"चुकलंच. मी काय लोकांसाठी आल्ते काय दारात?"

काकू खाली बसल्या. आता ही बाई आणखी काय बोलते म्हणून सोनाली तिथेच थांबली. विमलबाईने पिशवी ठेवली, शेजारी बसली, पदराचं टोक जिभेवर ओलं केलं. मग काकूंची हनुवटी धरून वरच्या ओठावरून पदर हळूच फिरवला.

"हलू नको गं," ती म्हणाली, "तुज्या मिशीचा डिंक रायलाय अजून."