रानमांजराचा डोळा

श्यामसुंदरजींनी वाघ पाहिला, सारसाची जोडी पाहिली, नीलगाय पाहिली, आणि रजनीच्या रानमांजरापाशी आले ते तिथेच थांबले.

सदर बाजारातल्या हॉलमध्ये येत्या रविवारी हस्तकलेचं प्रदर्शन होतं. त्यासाठी श्यामसुंदरजी घरोघर जाऊन वस्तू निवडत होते, आज नगरा मोहल्ल्यात इंदुमतीच्या घरी आले होते. इंदुमतीने आपले पाच गालिचे सकाळीच बैठकीत पसरून ठेवले होते. धाकट्या जावेचा एकुलता एक गालिचा तिनेच शेवटी, दारापाशी ठेवला होता. पहिलंच काम आहे, रजनीलाही बरं वाटेल म्हणून.

"ये बिल्ली किसने बनाई?"

"मेरी देवरानी ने," इंदुमती म्हणाली. "अभी सीख रही है. कान देखिए, छोटे-बड़े हो गए हैं."

"कान कौन देखेगा, भाभीजी? ये तो हमें देख रही है." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "इसे दरवाज़े के सामने लगाएँगे. आपका बाघ बगल में."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली रजनी चहा टाकायला आत गेली.

इंदुमती अकरा वर्षं हे काम करत होती. बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या शाळेत शिकवत असताना एका फौजी अधिकाऱ्याच्या बायकोने तिला शिकवलं होतं. चौकटीवर गोणपाट ताणायचं, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या कापायच्या आणि आकडीने एकेक फासा खालून वर ओढायचा. वाघाचे पट्टे ती फोटोवरून मोजून घ्यायची. पाहणारा प्रत्येक जण म्हणायचा, अगदी फोटोसारखा. आजपर्यंत तिला ते वाक्य आवडायचं.

दुपारी रजनी आपला गालिचा घेऊन इंदुमतीच्या खोलीत आली.

"जिजी, किनार तुम्ही शिवून द्याल? माझी वाकडी होते. मी तोवर अस्तराचं कापड घेऊन येते."

"ठेव," इंदुमती म्हणाली.

तीन बाजू शिवून झाल्या. चौथी शिवताना गालिचा मांडीवर फिरवावा लागला आणि मांजर समोर आलं. गवतात शिरता शिरता ते मान वळवून बघत होतं. एकच डोळा दिसत होता, मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या जुन्या स्वेटरचा. तो धड गोलही नव्हता. इंदुमतीने सुई खाली ठेवली. तिने गालिचा हाताने झाकला, मग हात काढला. ते बघतच होतं.

तिने गालिचा उलटा केला. या कामात गाठ नसते. मागून चिंधीचं टोक तिने चिमटीत धरलं आणि ओढलं. एकामागून एक फासे सुटले आणि वीतभर पिवळी चिंधी तिच्या हातात आली.

मला फक्त बघायचं होतं कसा केलाय, असं ती मनाशी म्हणाली. मग तिने आकडी घेतली आणि डोळा परत भरला. तो छान गोल झाला आणि मांजर खेळण्यातलं दिसायला लागलं. तिने उसवून पुन्हा केला. आता मांजर झोपेला आलं होतं. तिसऱ्यांदा करताना गोणपाटाची भोकं सैल पडली आणि फासे धरेनात. तेवढ्यात बाहेर ऑटो थांबल्याचा आवाज आला.

रजनीने कापड खाटेवर ठेवलं आणि तिचं लक्ष गालिच्याकडे गेलं.

"सुई अडकली," इंदुमती म्हणाली. "ओढलं गेलं."

रजनीने गालिचा उचलला आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं.

"सुई अडकली तर एक फासा निघतो, जिजी. सबंध डोळा नाही निघत. तुम्हीच शिकवलंय."

इंदुमतीने पिवळी चिंधी तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "मीच ओढला."

रजनीने गालिचा सुलटा केला.

"अकरा वर्षं करतेय मी," इंदुमती म्हणाली. "माझ्या एकाही जनावराने कधी कुणाकडे पाहिलं नाही. आणि तुझं तीन महिन्यांत बघायला लागलं. नाही सहन झालं मला."

आता ही रडेल किंवा भांडेल, असं तिला वाटलं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. रजनीने स्टूल ओढलं, गालिचा कोपऱ्यातल्या चौकटीवर टाकला आणि ती तिथे बसली. सैल पडलेलं गोणपाट तिने नखाने हळूहळू जवळ सारलं.

"तो फोटो दे मला," इंदुमती म्हणाली. "ज्याच्यावरून काढला होतास तो. बघून जसाच्या तसा करून देते. रविवारपर्यंत होईल."

"फोटो नव्हता."

"मग कशावरून काढलास?"

रजनीने पिवळी चिंधी बोटाभोवती गुंडाळून सरळ केली.

"मी इथे चौकटीपाशी बसले की तुम्ही स्वयंपाकघरात जायच्या," ती म्हणाली. "जाता जाता दारात थांबायच्या. मान वळवून माझ्या हाताकडे बघायच्या. रोज. तसाच काढला."

तिच्या आवाजात राग नव्हता. इंदुमतीला तो असता तर बरं वाटलं असतं.

रजनीने आकडी हातात घेतली. "बसा समोर," ती म्हणाली. "बघा माझ्याकडे."

इंदुमती समोर बसली. तिला मान वर करता येईना. रजनी आकडी धरून तशीच थांबून राहिली.