बुटका दिवाण

"आता मागचा उजवा पाय उंच झाला!" दिवाणावर बसून डुलत नवरा म्हणाला. मी पाचव्यांदा करवत उचलली.

परवा आमची दहा महिन्यांची शमू या उंच दिवाणावरून पडता पडता वाचली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नवा पलंग कशाला, याचेच पाय चार बोटं कापू, ही माझीच अक्कल. डुलणं थांबवता थांबवता पाय पार संपले, दिवाण जमिनीला टेकला, आणि आम्ही दोघं हसून लोळायला लागलो.

तेवढ्यात सासरे आले. दिवाण त्यांचा, पहिल्या बोनसमध्ये हौसेनं करून घेतलेला. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

"सूनबाई, पाय कुठे गेले याचे?"

"अप्पा, शमू पडेल म्हणून..."

गुडघे धरून ते कसेबसे त्या बुटक्या दिवाणावर बसले. आतून शमू रांगत आली, कडेला धरून चढली आणि थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

"बघितलंत? एकटी चढली!" अप्पा ओरडले. "सूनबाई, तुझ्या सासूबाईंना फोन लाव. म्हणावं, माझा मुक्काम आज इथेच. उठता येत नाहीये, हे मात्र सांगू नकोस."