संचालकांचं सांत्वन

अम्मानच्या विद्यापीठात ग्रंथालयाची नवी वेबसाइट आली. मजकूर टाकणं सोपं झालं, तेच नडलं. वेबसाइट सांभाळणाऱ्या हनादीने पुस्तकं शोधायची चौकट सगळ्यात वर ठेवली होती. पण कुणाचं लग्न ठरलं, कुणाचे आजोबा वारले, की ग्रंथालयाच्या संचालकांचा फोटोसकट संदेश वर चढायचा आणि चौकट खाली ढकलली जायची.

"डॉक्टर, मुलांना पुस्तकं सापडत नाहीत हो!" तिने संचालकांना सांगितलं.

"अगं पोरी, लोकांच्या सुखदुःखाला नको का धावून जायला?"

शेवटी वैतागून तिने शोकसंदेशच लिहिला, 'आपली लाडकी पुस्तकशोध चौकट आज आपल्याला सोडून गेली', आणि त्यांच्याकडे मंजुरीला पाठवला.

लगेच उत्तर आलं, "अरेरे, फार वाईट झालं! माझा फोटो मोठा टाक, आणि दफन किती वाजता आहे ते कळव."