बोटभर धोबीण

आयरिश पुराणकथांवरचा छोट्या पुतळ्यांचा युद्धाचा खेळ दादा आणि चिमणी या भावंडांनी मिळून घरीच रचला, पण शाळेत दादाने सगळं श्रेय एकट्याने लाटलं. वर म्हणाला, "तू नुसती रंगरंगोटी केलीस, चिमणे!"

मग काय, चिमणीने नुसती रंगरंगोटीच केली. त्याच्या फौजेतल्या बोटभर धोबिणीच्या हातात तिने त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट रंगवला. कथेत ही बाई ज्याचे कपडे धुते, तो त्याच दिवशी मरतो.

"आई गं! अंगावरचा शर्ट चिंब कसा झाला?" आतून दादा ओरडला.

चौकड्या पुसायला चिमणीने ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, पण तिचा हात थांबला. "आधी सॉरी म्हण!"

"हट्, रंगारीण!" दादा खदाखदा हसला.

तिने ब्रश शांतपणे खाली ठेवला.

धोबिणीने शर्ट पिळायला घेतला. आतलं हसणं मध्येच तुटलं.