डाव्या मडगार्डाचा रंग

"आमच्या मालकांनी या गाडीला परक्याचा ब्रश लागू दिला नाही," जुनी गाडी कारखान्यातल्याच रंगात आहे का, हे तपासायला आलेल्या रेहानाला तानूबाईंनी बजावलं. "तुझं यंत्र खोटं बोललं, तर यंत्रासकट हाकलीन."

रेहाना हसली. रंग वाळताना आजूबाजूचा आवाज त्यात मुरतो, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. गाडी मूळची असेल, तर प्रत्येक पत्र्यातून कारखानाच ऐकू यायला हवा. तिने यंत्र दाराला टेकवलं. हातोडे, भोंगा, कुणाची तरी शिवी. बॉनेटमधूनही तेच. तानूबाईंची मान ताठ झाली. मालक, म्हणजे त्यांचा नवरा, गेल्यावर तीस वर्षं त्यांनी ही गाडी पोरांना विकू दिली नव्हती.

डाव्या मडगार्डात मात्र कारखाना नव्हता. मालकांचाच दबका आवाज होता. "दुसरा हात मार लवकर. पोचा दिसता कामा नये. भाऊ आपल्याच गाडीने गेला, हे तिला कळलं तर संपलंच."

त्यामागे लांबून एक बाई हंबरडा फोडत होती.

"आक्का, हे कोण रडतंय?"

श्रीपतीला, तानूबाईंच्या पाठच्या भावाला, कुणा अनोळखी गाडीने उडवलं म्हणून अंगणात आणून ठेवलं होतं, तोच तो दिवस होता.

"मीच," त्या म्हणाल्या.

विधवेने लावू नये म्हणणाऱ्यांना गप्प करून दर दसऱ्याला त्या याच मडगार्डाला हळदकुंकू लावत आल्या होत्या. परवाचं अजून तसंच होतं.

"लिही पोरी, गाडी मूळची नाही. आणि जाताना तेवढं कुंकू पुसून जा. माझा हात धजत नाही."