पायाखालची आग

रॉयस लायलला गोळ्या घालायला नेवाडाच्या वाळवंटात घेऊन निघाला होता, कारण लायलने कोर्टात त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं होतं. गाडी रॉयसचा जीव की प्राण, सत्तर सालची मसल कार. शेजारच्या सीटवर हात बांधून बसवलेला लायल पेशाने मेकॅनिक. तो कुरकुरला, "अरे, पाय भाजतायत माझे!"

"दहा मिनिटांत गार पडशील."

"हेडर फुटलेत तुझे. इंजिनाची आग ज्या पाइपांनी बाहेर जायची, तेच फाटलेत. लाज नाही वाटत अशी गाडी फिरवायला?"

रॉयस वरमला. सिरॅमिकचा लेप दिलेले नवे हेडर डिकीत कधीचे पडून होते. त्याने गाडी थांबवून लायलचे हात सोडले. गाडी जॅकवर चढली. रॉयस कमरेला पिस्तूल खोचून खाली शिरला आणि दोन्ही हातांनी हेडर वर धरून राहिला. लायल वरून बोल्ट आवळू लागला. जॅक त्याच्या बुटाला टेकला होता. एक लाथ पुरली असती.

शेवटचा बोल्ट बसला. रॉयस बाहेर आला, लायलने गाडी अलगद खाली घेतली. रॉयसने इंजिन चालू करून पायाखालचा पत्रा चाचपला. "हातात जादू आहे लेका तुझ्या," म्हणत त्याने लायलला तीन गोळ्या घातल्या.

हॉस्पिटलात शेरीफने विचारलं, "बाबा रे, तो गाडीखाली होता तेव्हाच जॅकला लाथ का नाही घातलीस?"

लायलने कष्टाने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.



"नवे हेडर चेपले असते ना, साहेब."