पाठमोरी

ट्रॉलीचं मागचं चाक घसरलं, बांबू मोडला आणि त्याला बांधलेलं लाल फडकं चिखलात गेलं.

"बाद," शर्यतीचं समालोचन करणारा हरीओम भोंग्यावरून म्हणाला. "उकंडकाकाची ट्रॉली म्हणते वाशीमले चाल, ट्रॅक्टर म्हणते कारंज्याले. दोघांचं काही जमून नाही राह्यलं."

माणसं हसली. उकंडरावही थोडा हसला आणि ट्रॅक्टर पुढं घेऊन सुरुवातीच्या जागी आणला.

अनसिंगच्या त्या शेतात टँकरनं पाणी सोडून शंभर पावलांचा चिखल केला होता. त्यातून रिकामी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा न्यायचा, मागं मागं. वाटेत दोन वळणं, दोन्ही बाजूंना बांबू, शेवटी चुन्याची रेघ. बांबू पडला की फेरी बाद. फेऱ्या दोनच. ट्रॉलीच्या मागून वाट सांगायला एक माणूस घेता येत होता. हेमसिंगनं पहिल्याच फेरीत रेघ ओलांडली होती, तीही काळा चष्मा लावून आणि गाणं वाजवत.

उकंडरावला हेमसिंगशी काही नव्हतं. त्याची पैज घरातली होती. बायको लिलाबाई गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्यानं ट्रॉली मागं घेताना गोठ्याचा खांब दोनदा पाडला होता. मुलगा उत्कर्ष म्हणाला, वय झालं, ट्रॅक्टर आता मी चालवतो. उकंडराव म्हणाला, शर्यतीत एक फेरी नीट झाली तर किल्ली माह्याकडं, नाही तर तुह्याकडं.

उत्कर्ष चुन्याच्या रेघेपाशी उभा होता. पहिली फेरी बाद होताच त्यानं लांबूनच हात पुढं केला आणि बोटं हलवली.

वाट सांगायला लेक पौर्णिमा आली होती; ट्रॉलीच्या मागं ती त्याच्याकडं तोंड करून उभी होती. ती वाशीमच्या शाळेत शिकवायची. चिखल तुडवत ती ट्रॅक्टरजवळ आली.

"बाबा, मी डावं म्हणलं तं तुमी स्टेअरिंगच डावीकडं फिरवलं."

"मंग? डावं म्हणल्यावर डावंच फिरवीन ना."

"ट्रॉली डावीकडं न्यायची तं स्टेअरिंग उजवीकडं फिरवा लागते. हे मी सांगू तुमाले?"

हे उकंडरावला ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या पोरांना त्यानंच ते शिकवलं होतं.

"तुही माय म्हणे तिकडंच मी फिरवत होतो," तो म्हणाला. "तीस वर्षं. कधी एक खांब नाही पडला."

"आई उभी कशी राह्यची?"

"उभी कायले राह्यते? ती चालायची. बैलाच्या पुढं चालावं तशी. मी म्हणो, अवं, तोंड इकडं कर, ट्रॉली अंगावर येईन. ती म्हणे, वाट तिकडं हाये, तुमच्याकडं पाहून काय करू?"

पौर्णिमेनं दोन माणसं उभी करावीत तसे दोन तळवे उभे केले. आधी समोरासमोर धरले. मग एक तळवा फिरवला.

"म्हणजे तिची पाठ तुमच्याकडं," ती हळूहळू म्हणाली. "तुमचं डावं ते तिचं उजवं. ती उजवं म्हणे, तुमी स्टेअरिंग उजवीकडं फिरवायचे, अन् ट्रॉली बरोबर तुमच्या डावीकडं जाये."

"असंन," उकंडराव म्हणाला. "मी कधी हिशोब नाही केला. ती हात करे, मी फिरवो."

पौर्णिमेनं तळवा पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

"काका, चहा मांडू का तिथं?" हरीओम भोंग्यावरून म्हणाला.

पौर्णिमेनं ओढणी कमरेला बांधली. चपला चिखलात रुतत होत्या, त्या काढून हातात घेतल्या. ट्रॉलीच्या मागं गेली आणि उकंडरावकडं पाठ करून उभी राहिली.

उकंडरावनं मान वळवली. रिकाम्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरून फक्त तिचं डोकं आणि खांदे दिसत होते. त्यानं रिव्हर्स टाकला.

पौर्णिमा चालू लागली. पहिलं वळण आलं. चपला धरलेला हात उजवीकडं गेला. त्यानं स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं. ट्रॉली त्याच्या डावीकडं, म्हणजे तिच्या उजवीकडं वळली, बांबूंना वीतभर सोडून निघाली.

"लेक बापाले चपलीनं वाट दाखवून राह्यली," हरीओम म्हणाला, "अन् बाप गुमान चालला."

लोक हसत होते. दुसऱ्या वळणावर हात डावीकडं गेला. चाक जरा घसरलं, बांबू हलला, पण उभा राहिला. हसणं थांबलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. पौर्णिमेनं एकदाही मागं पाहिलं नाही.

ट्रॉलीनं चुन्याची रेघ ओलांडली. मग ट्रॅक्टरनंही ओलांडली. उत्कर्षनं पुढं केलेला हात खिशात घातला आणि दुसऱ्या हातानं शिट्टी मारली.

"झाली, काका, फेरी झाली," हरीओम सांगत होता. "थांबा आता. पुढं रामरावची तूर हाये."

इंजिनाच्या आवाजात पौर्णिमेला ते ऐकू गेलं नसावं. उकंडरावला गेलं होतं. ब्रेकवर त्याचा पाय तयार होता, पण त्यानं तो दाबला नाही.

तुरीच्या बांधाजवळ चपला धरलेला हात पुन्हा वर झाला. उजवीकडं.

त्यानं उजवीकडं फिरवलं.